जात्यावर बसलेली आई : बागेसाठी पाषाणशिल्प घडवून घेताना

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : निवृत्तीनंतर आम्ही वाईजवळ घर बांधले असून घरामागे चार गुंठे बाग आहे. माझी आई पहाटे जात्यावर दळत असे. तिचे ते जाते मी जपून ठेवले आहे आणि दळताना काढलेले तिचे एक जुने छायाचित्रही माझ्याकडे आहे. त्यावरून बागेत तिचे दगडी शिल्प करावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. दोन प्रस्ताव आले आहेत. कलामहाविद्यालयात शिकलेले एक शिल्पकार आठ महिन्यांची मुदत मागतात आणि मातीच्या नमुन्याचे पैसे वेगळे सांगतात. महामार्गालगतचा एक मूर्तिविक्रेता छायाचित्र दक्षिणेत पाठवून दोन महिन्यांत, निम्म्याहून कमी पैशांत ‘काळ्या ग्रॅनाइट’ची मूर्ती आणून देतो म्हणतो. यजमानांना पांढरा संगमरवर हवा आहे. सांगलीच्या माझ्या भावाला अशीच दुसरी प्रत त्याच्या शेतावर बसवायची आहे. शिल्प आवडले नाही तर काय, ही भीती सर्वांनाच आहे. कोणाला काम द्यावे आणि कोणता दगड घ्यावा?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या प्रश्नांपैकी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण शेवटी आणि भीतीच्या रूपाने विचारला आहे, म्हणून प्रथम त्याचे उत्तर देतो. दगडात घडवून झालेले शिल्प आवडले नाही तर करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मातीत काम करताना शिल्पकार भर घालू शकतो आणि काढूही शकतो; दगडात मात्र फक्त काढता येते. आवडीनिवडीचा, मतभेदांचा आणि दुरुस्त्यांचा सगळा व्यवहार म्हणूनच मातीच्या नमुन्यावर पुरा झाला पाहिजे. शिल्पकार नमुन्याचे वेगळे पैसे मागतात याची आपल्याला शंका आली असावी, असे पत्राच्या सुरावरून वाटते. मला मात्र त्यांच्याविषयी भरवसा वाटला तो त्याच मागणीमुळे. शिल्पाची कल्पना, बैठक, तोल आणि भाव हे सारे नमुन्यातच ठरते. त्याचे मोल स्वतंत्रपणे दिले की नमुना पाहून थांबण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो आणि शिल्पकाराचे श्रमही फुकट जात नाहीत. माझा सल्ला असा की करार सरळ दोन भागांत करावा. पहिला फक्त नमुन्याचा, पूर्ण मोबदल्याचा आणि तेथे संपणारा असावा. दुसरा दगडातील कामाचा असावा आणि पहिले काम पसंत पडल्यावरच त्यावर सही व्हावी.

नमुना साधारण मूळ आकाराच्या एक चतुर्थांश असावा आणि पसंतीनंतर त्याचे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचाकाम करून ठेवावे, कारण ओली माती वाळताना आकसते, तिला भेगा जातात आणि पुढे वाद झाला तर दाखवायला काही उरत नाही. एवढ्या लहान नमुन्यात चेहऱ्याचे साम्य मात्र शोधू नये. आपल्याला साम्य हवे असेल, आणि पत्रावरून ते हवेच आहे असे दिसते, तर केवळ मस्तकाचा एक मातीचा अभ्यास मूळ आकारात करून मागावा. येथे छायाचित्राची मर्यादा लक्षात घ्यावी लागेल. त्यातून चेहऱ्याची एकच बाजू कळते, पण शिल्पाला नाकाची बाजूने दिसणारी रेषा, हनुवटीची पुढे आलेली ठेवण आणि मानेची जाडी हे सर्व लागते. एखाद्या मावशीची, मामाची किंवा आपली स्वतःची ठेवण आईसारखी असेल, तर त्या व्यक्तीने शिल्पकारासमोर एकदोनदा बसणे हे आणखी दहा छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडेल. नऊवारीचा काष्टा बसल्यावर कसा पडतो हेही कोणी तरी नेसून, जात्याशी बसून दाखवावे. आजच्या तरुण शिल्पकाराने ते पाहिले असेलच असे गृहीत धरू नये.

विषयाची निवड आपण चांगली केली आहे, आणि हे मी केवळ भावनेपोटी म्हणत नाही. दगडाला आटोपशीर आकार मानवतो. उभी, हात पसरलेली किंवा डोईवर घागर घेतलेली आकृती दगडात करायची झाली तर मनगट, कोपर आणि घोटा या ठिकाणी तो बारीक होतो आणि वाहतुकीतच तुटण्याची शक्यता असते. एक पाय लांब करून आणि दुसरा मुडपून दळायला बसलेली बाई हा मुळातच एकसंध, जमिनीला धरून असलेला आकार आहे. अडचण आहे ती खुंटा धरलेल्या हाताची. तो हात अधांतरी ठेवू नये. तो मुडपलेल्या गुडघ्याला किंवा पदराच्या घोळाला कोठे तरी जोडलेला राहील, अशी रचना नमुन्यातच करून घ्यावी. मोकळा हात हवाच असा आग्रह आपण धरू नये आणि शिल्पकाराने धरला तर आपण नको म्हणावे.

मला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. जात्याचे शिल्प करण्याऐवजी आईचे खरे जातेच शिल्पासमोर बसवता येईल. असे केल्यास आकृती अचूक मूळ मापाचीच करावी लागेल, कारण खऱ्या वस्तूशेजारी पाऊण मापाची बाई बाहुलीसारखी दिसते. आणि दगडही जात्याशी जुळणारा काळा पाषाणच घ्यावा लागेल. खुंटा लाकडी ठेवावा. दर काही वर्षांनी तो बदलावा लागेल, पण जात्याचा खुंटा घरोघरी तसाच बदलला जात असे. दगडात कोरलेला बारीक खुंटा मात्र एखाद्या नातवाच्या चेंडूने मोडेल.

आता दगडाविषयी. यजमानांची इच्छा मोडताना मला संकोच वाटतो, पण वाईसारख्या, घाटाच्या पायथ्याच्या पावसाळी गावात उघड्या बागेत संगमरवर ठेवू नये. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसाच्या पाण्यात मुळातच किंचित आम्ल असते आणि त्याने पॉलिश केलेला पृष्ठभाग हळूहळू खडबडीत, साखरेसारखा होतो. त्यात शेवाळ धरते, आणि ते घालवण्यासाठी कोणी फरशी पुसण्याचे ॲसिड वापरले तर चेहऱ्याचे बारकावे त्याबरोबरच जातात. मकराण्याचा दगड उत्तम आहे, पण त्याची जागा छपराखाली किंवा घरात. राजस्थानचा वालुकाश्म, म्हणजे धोलपूर किंवा बन्सी पहाडपूरचा, याहून बरा. मात्र तो थराथरांचा असतो आणि थर उभे येतील अशा रीतीने घडवला तर काही वर्षांनी पापुद्रे सुटू लागतात. तळकोकणात आणि गोव्यात मुबलक असलेला जांभा रेषा छान धरतो, रत्नागिरीकडच्या सड्यांवरील (खडकाळ पठारांवरील) कातळशिल्पे त्याचीच आहेत. परंतु त्याचे सच्छिद्र अंग नाक-डोळ्यांच्या कामाचे नाही.

राहतो तो आपल्याच पायाखालचा दगड. सह्याद्री ज्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि आठव्या शतकातील वेरूळचे कैलास लेणे त्यातच खोदलेले आहे. तेथील शिल्पे पाहिली की या दगडाचा स्वभाव कळतो. मोठे, ठाशीव उठाव त्यात भक्कम उतरतात. याउलट कर्नाटकातील बेलूर-हळेबीडच्या होयसळ मंदिरांतील दागिन्यांची जाळीदार नक्षी शक्य झाली, कारण तेथील क्लोराइट शिस्ट नावाचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. तेव्हा बेसाल्टमध्ये आईच्या पाटलीवरची नक्षी मागू नये. खांद्याचा झुकाव आणि पाठीचा बाक मागावा. या दगडाचा एक गुण नमुना पाहताना लक्षात येत नाही, तो असा की टाकीने (छिन्नीने) टोचलेला भाग फिकट राखाडी दिसतो आणि पॉलिश केलेला भाग काळाभोर. चांगला शिल्पकार या एकाच दगडातून दोन रंग काढतो. चेहरा आणि हात घोटीव, लुगडे टाकीच्या खुणांसह राखलेले, असे काही त्यांच्या मनात आहे का, हे अवश्य विचारावे. पावसात भिजल्यावर दोन्ही रंग एक होतात, हेही जाणून असावे.

सगळा बेसाल्ट सारखा नसतो. ज्या थरात वायूचे बुडबुडे राहिले आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली, तो ठिपक्यांचा दगड टाळावा. त्यातील पांढरा ठिपका नेमका गालावर येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाण. पुणे-साताऱ्याकडच्या बहुतेक खाणी खडीसाठी आहेत आणि तेथे दगड सुरुंगाने उडवतात. अशा दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या केसासारख्या चिरा असतात आणि त्या चार महिन्यांच्या कामानंतर अचानक उघडतात. पाचरी ठोकून काढलेला ठोकळाच घ्यावा. निवडताना आपण स्वतः बरोबर जावे. हातोडीने ठोकल्यावर निरोगी दगड स्वच्छ वाजतो आणि चिरलेला बद्द वाजतो. शिल्पशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतही दगडाची परीक्षा नादावरून सांगितली आहे. शिवाय ठोकळ्यावर पाणी ओतून तो वाळू द्यावा. चीर असेल तेथे ओलाव्याची रेघ उशिरापर्यंत टिकते.

वजनाचा अंदाज आधीच असू द्यावा. बेसाल्टचा एक घनफूट सुमारे ८२ किलो भरतो. आपल्या शिल्पासाठी साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पावणेतीन फूट उंच असा ठोकळा धरला, तर तो २४ घनफुटांचा म्हणजे जवळजवळ दोन टनांचा होतो. घडवून झाल्यावर तो बराच उतरेल, तरीही ते माणसांनी उचलायचे ओझे राहणार नाही. हायड्रा क्रेन बागेपर्यंत पोहोचेल का, फाटक पुरेसे रुंद आहे का, वर विजेच्या तारा आहेत का आणि क्रेनच्या चाकांखाली आपली सांडपाण्याची टाकी तर येत नाही ना, हे करारापूर्वी पाहावे. घर आणि झाडे यांच्या मधल्या वाटेने जाता येत नसेल तर तिपाई व चेन-पुली लावून काम होते, पण त्याला वेळ आणि जाणती माणसे लागतात, आणि तो खर्च कोणाचा हे लिहून ठेवावे लागते.

मूर्तिविक्रेत्याच्या प्रस्तावाला मी सरसकट नाव ठेवणार नाही. तमिळनाडूतील मामल्लपुरम किंवा कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातले शिवारपट्टण येथील शिल्पींचा हात आपल्याकडे आज क्वचितच सापडेल. मामल्लपुरमच्या पाषाणशिल्पांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आपल्याला गणपती किंवा लक्ष्मी हवी असती तर मी तेथेच जा म्हणालो असतो. परंतु त्या शिल्पींची सारी तयारी देवतांच्या तालमानाची, म्हणजे ठरलेल्या प्रमाणांची आहे. नऊवारी नेसून दळायला बसलेली साताऱ्याकडची बाई त्या शास्त्रात नाही. केवळ छायाचित्र पाठवले, तर कमळासारखे डोळे आणि कोरीव भुवया असलेली एक देवी आपल्या बागेत जात्यापाशी येऊन बसेल, आणि कोणाचाही दोष नसताना ती आपली आई नसेल. शिवाय बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ या नावाखाली निरनिराळे काळे दगड विकले जातात. ते वाईट असतात असे नाही, पण ते आईच्या जात्याशी जुळतीलच याची खात्री देता येत नाही. चिरा रेझिन आणि दगडाच्या भुकटीने बुजवून वर मेण घासलेली मूर्ती दुकानात निर्दोष दिसते. दोन उन्हाळ्यांत ते रेझिन पिवळे पडते. काम कोणालाही दिले तरी ताब्यात घेताना शिल्प भिजवून आणि विजेरीचा तिरका झोत टाकून तपासावे.

म्हणून माझा कौल त्या शिल्पकारांच्या बाजूने आहे. अट एवढीच की त्यांनी स्वतः दगडात केलेले किमान एक काम, पाचसहा पावसाळे उघड्यावर राहिलेले, आपण डोळ्यांनी पाहावे. कलामहाविद्यालयातून शिकलेल्या अनेकांचा हात मातीत व फायबरमध्ये तयार असतो आणि दगडाचे काम ते दुसऱ्या कारागिरांकडून करून घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र टाकी प्रत्यक्ष कोण चालवणार आणि शेवटचा चेहरा कोण घडवणार, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. जमल्यास नमुना पाहण्यापूर्वी एकदा अलिबागजवळच्या सासवण्याला जाऊन यावे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या राहत्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. ती शिल्पे सगळी दगडाची नाहीत, पण साध्या माणसांच्या देहाची ठेवण शिल्पात कशी उतरते हे तेथे घटकाभर हिंडले तरी उमजते, आणि मग शिल्पकाराशी बोलताना आपल्याजवळ शब्द असतात.

जागा ठरवण्याचे काम नमुन्याच्या काळातच करावे. जुन्या पुठ्ठ्यातून मूळ मापाची बैठी आकृती कापून, काठीला बांधून, बागेत जेथे शिल्प हवे तेथे आठवडाभर ठेवावी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून, फाटकातून, झोपाळ्यावरून ती कशी दिसते ते पाहावे. हा उपाय पोरकट वाटेल, पण यामुळे शिल्प भलत्या कोपऱ्यात गेल्याचा पस्तावा टळतो. आपल्या अक्षांशावर मे ते जुलैचा काळ सोडला तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेला काळा चेहरा वर्षातील बराच काळ स्वतःच्याच सावलीत बुडतो. पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड असावे, म्हणजे सकाळचे तिरपे ऊन गालावर आणि हातावर पडेल. पहाटे दळणाऱ्या बाईला ते शोभेलही. आंब्याखाली शिल्प ठेवू नये, मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. तुषार सिंचनाचे पाणीही त्यावर उडू नये, कारण बोअरच्या जड पाण्यातील क्षार काळ्या दगडावर पांढरे डाग उठवतात. चौथरा उंच नको. दळणारी बाई जमिनीवरच बसते, तेव्हा पाणी साचू नये एवढाच, म्हणजे अर्ध्या-पाऊण फुटाचा, बाहेर उतार असलेला कट्टा पुरे.

त्या कट्ट्याखाली मात्र कंजुषी करू नये. आपल्याकडे काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि एवढे जड शिल्पही तिच्यावर हळूहळू कलते. मुरूम लागेपर्यंत खोदून तेथून काँक्रीट वर आणावे. शिल्प कट्ट्याला जोडण्यासाठी सळई वापरायची असेल तर ती स्टेनलेस स्टीलचीच हवी. साधे लोखंड गंजले की फुगते आणि दगड आतून फोडते. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्तीसाठी घातलेल्या लोखंडी पट्ट्यांनी असेच संगमरवर तडकवले आणि पुढे त्या काढून टायटॅनियमच्या घालाव्या लागल्या.

दगडकामाच्या करारात पैशांचे हप्ते तारखांना न बांधता कामाच्या टप्प्यांना बांधावेत : ठोकळा निवडून कार्यशाळेत आला की एक, ढोबळ घडण पुरी झाली की दुसरा, चेहरा आणि हात पाहून झाले की तिसरा, बागेत बसवल्यावर चौथा. त्यातील थोडी रक्कम पहिला पावसाळा निघून जाईपर्यंत मागे ठेवावी, पण ती एवढी मोठी नसावी की शिल्पकाराला तो अविश्वास वाटेल. काम चालू असताना ठोकळा चिरला तर काय, हे स्पष्ट लिहावे. दगड शिल्पकारांनी आणला असेल तर ती जोखीम त्यांची, आपण हौसेने आणून दिला असेल तर आपली, हे मला न्याय्य वाटते. आठ महिन्यांची मुदत मला जास्त वाटत नाही. उलट दोन महिन्यांत असे शिल्प घडवून देतो म्हणणाऱ्याविषयीच मला अधिक प्रश्न पडतात. बसवण्याचे काम दिवाळीनंतर ते मार्चअखेरच्या दरम्यान येईल असे पाहावे; ओल्या मातीत क्रेनची चाके रुततात.

घरात कोणी शिल्पाला हळदकुंकू वाहील किंवा तेल लावील अशी शक्यता असेल, तर तिचा विचार आजच करावा. आईच्या प्रतिमेपुढे असे घडते आणि त्यात वावगे काही नाही. पण कुंकवाचा रंग आणि तेल टाकी मारलेल्या दगडात मुरले की निघत नाहीत. जात्यावर फुले ठेवावीत. एरवी शिल्पाला वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, साधे पाणी आणि नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश, ॲसिड आणि चकाकी आणणारे पातळ लेप यांना हात लावू नये.

भावाच्या प्रतीविषयी आपण ओझरते लिहिले आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो मुद्दा लहान नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा चित्राचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. शिल्प त्या यादीत नाही. म्हणजे दगड आपला, पण त्या कृतीची प्रत काढण्याचा हक्क शिल्पकारांचा, आणि तो हवा असेल तर लेखी करारानेच मिळतो. याशिवाय कलावंताचे नाव राहणे आणि कृतीची मोडतोड न होणे हे त्याचे विशेष अधिकार कायद्याने मानलेले आहेत. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले, आणि त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकाराच्या बाजूने निकाल देऊन अवशेष परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. म्हणून प्लास्टरचा नमुना त्या मूर्तिविक्रेत्याकडे नेऊन भावासाठी स्वस्तात दुसरी प्रत करून घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा. भावाला शिल्प हवेच असेल तर त्याने आपल्या शिल्पकारांशीच स्वतंत्र करार करावा. मात्र जाते एकच आहे आणि ते आपल्याकडे राहणार आहे. त्याने आईची दुसरी एखादी बैठक, तांदूळ निवडणारी किंवा उन्हात पाय पसरून बसलेली, मागितली तर शिल्पकारांनाही ते काम अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे.